केतकीचा पासपोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्ता लिहितानासुद्धा दाराकडे लक्ष आहे — कुणी आलं तर?

२०१३-१४च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा परदेशात, बुकित बातोकला राहायचो. आम्हा मराठी बायकांचा वाचनगट होता. एका शनिवारी मी बोलले दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज लेखिकेवर. बाईला पुरुषाइतकीच बुद्धी आहे, तिला शिकू द्या, असं तिने त्या काळात छापून आणलं. ती गेल्यावर तिच्या खाजगी आयुष्याचा बोभाटा झाला. पुढे कित्येक वर्षं बायका तिचं नाव घ्यायलाही बिचकत. मी म्हणाले, आपण शिकलो त्यात तिचाही वाटा आहे — आपण तरी घाबरायचं नाही. किती सहज म्हणाले मी!

दोन दिवसांनी गटातली केतकी घरी आली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याचा, समीरचा, मॅनेजर. तिने पर्समधून पासपोर्ट काढला.

"ताई, हा ठेवाल? नवरा तो कुलपात ठेवतो, आज किल्ली सापडली. शुक्रवारी नागपूरला आईकडे जाते. सकाळी येऊन नेईन. तुम्ही बोललात ना, म्हणून धीर झाला."

मी तो तांदळाच्या डब्यात ठेवला. तेव्हापासून लिफ्टचा आवाज आला तरी दचकायचे.

गुरुवारी केतकीचा नवरा आला. आवाज चढवला नाही, बूटही बाहेर काढले. "वहिनी, केतकीचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे?" मग म्हणाला, "समीरचा वर्क पास पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय ना?"

धमकी होती का ती? त्या पासावरच आम्ही त्या देशात राहत होतो. मीच उठले, मीच डबा उघडला. 'नाही' म्हणाले असते तर — तो काय झडती घेणार होता?

पण याहून वाईट पुढे आहे.

शुक्रवारी केतकी दारात, पाठीला बॅग. मी म्हणाले, त्याने माझ्या हातातून हिसकावून नेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझं मनगट धरून उलटंपालटं करून पाहिलं. "लागलं नाही ना, ताई? माझ्यामुळे तुम्हाला..." आणि रडत माझी माफी मागत राहिली.

मी ती मागू दिली.

केतकी कुठेच गेली नाही. अजून त्याच्याबरोबरच आहे. दर दिवाळीला तिचा मेसेज येतो — ताई, माझ्यासाठी तुम्हीच उभ्या राहिलात.

मी जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवते.