पुढं काय, हे माहीत नसलेले सर

"नक्की का?" हा सरांचा ठरलेला प्रश्न. कॅन्टीनवाला म्हणाला, चहा ताजा आहे, की कप उचलायच्या आधी सर विचारणार, "नक्की का?" त्यात खोच नसे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. टेबलं शेजारी, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच आला.

जून उजाडला की आम्ही सगळे प्रवेशासाठी पोरं गोळा करायला बसायचो. ज्याच्या वर्गात पोरं नाहीत त्याचा विषय बंद. मीही पालकांना बिनदिक्कत सांगायचो, मराठी घ्या, स्पर्धा परीक्षेला हमखास उपयोग. सरांना तेवढंही जमायचं नाही. "तत्त्वज्ञान घेऊन पुढं काय?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "माहीत नाही." पालक उठून माझ्याकडे यायचे. तुम्हीच सांगा, अशानं दुकान चालतं का?

एका वर्षी विषय बंद व्हायची वेळ आली. आणखी एक प्रवेश झाला तरच वाचणार होता. नेमकी तेव्हा एक मुलगी वडिलांना घेऊन आली. घरात तेलुगू बोलणारी माणसं, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. मुलीला तत्त्वज्ञानच हवं होतं.

"मास्तर, हे शिकून पोरीला नोकरी कुटली लागंल?"

मी टेबलाखालून सरांना पाय लावला. आज तरी सांभाळून घ्या.

"माहीत नाही," सर म्हणाले. "माझा एक विद्यार्थी होटगीला रेल्वेत आहे, एक वकील आहे, एकाचं सात रस्ता चौकात चष्म्याचं दुकान आहे. या विषयाचा त्यांना काय उपयोग झाला, ते त्यांनाच विचारा."

वडील मुलीला घेऊन निघून गेले. मला सरांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी वडील एकटेच आले. "चष्म्यावाल्याकडं गेलतो की. मी इचारायच्या आधी त्योच मला इचारायला लागला. पोरीला काय आवडतं, कशावर लई बोलती, कशानं गप बसती. मला एकाचंबी उत्तर देता आलं न्हाय." मग म्हणाले, "घ्या तिचं नाव."

"नक्की का?" सरांनी विचारलं. मी कपाळाला हात लावला. वडील मात्र हसले.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत सर गेले. चहा ताजा आहे का, हे आता स्टाफरूममध्ये कुणी विचारत नाही. मला ते फार लागतं.

त्यांच्या टेबलावर आता तीच मुलगी बसते. नोकरी कायम नाही, तासांवर पैसे मिळतात, म्हणजे पुढचं तिलाही माहीत नाही. यंदा जूनमध्ये एक बाई मुलाला घेऊन तिच्यापुढे बसल्या.

"मॅडम, हे घेऊन पुढं काय वो?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्या वडिलांना विचारून बघा. पण ते आधी तुम्हालाच विचारतील, याला काय आवडतं म्हणून."

बाईंनी वळून मुलाकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. मी मराठीचे फायदे सांगायला उठलो होतो, तो परत खाली बसलो.