अप्पांनी उघडलेला गिअरबॉक्स

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझे वडील, अप्पा, बंगळुरूच्या कारखान्यातून निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी यंत्रंच जुळवली होती. त्याच वर्षी घरचं जुनं वॉशिंग मशीन कपडे घुसळेनासं झालं. अप्पांनी गिअरबॉक्स उघडला, काळं तेल काढलं, झिजलेलं चाक लेथवाल्या अण्णांकडून नवं करून आणलं. मग सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून ते नुसतेच बसून राहिले.

“आधी कुठलं बसतं गं?” त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. पण त्यांचे डोळे घाबरलेले होते. मी शेजारी बसले. एकेक चाक लावत, काढत संध्याकाळपर्यंत आमची जुळणी पुरी झाली. मशीन सुरू झालं, तशी आई हरखली. “अप्पांना डॉक्टरांकडे नेऊया,” एवढं तिला सांगायला मला आठवडा लागला.