जहाजाआधीचं विमान

माझ्या दुकानात शिरले की चाचा बोटाच्या पेरानं काउंटरवर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "पॅसेंजर म्हंजी पोतं न्हाई!" विषय कुठलाही असो. दवाखान्यात ताटकळलेले असोत की बँकेतून परत पाठवलेले, सुरुवात याच वाक्यानं.

तीस-बत्तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. तुम्ही कधी श्रीगोंद्याहून मिरजगावच्या गाडीत बसला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. एखादी म्हातारी उभी असेल, तर तिला बसायला मिळेपर्यंत ते घंटीच द्यायचे नाहीत. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणायचे, "लेट झाल्याचं विचारलं तर माझं नाव सांग."

माझं स्टँडसमोर ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी डेपोतल्या निवृत्त लोकांनी सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची चार दिवसांची सहल ठरवली. चाचा-चाचींनीही नाव दिलं. एजंट नगरचा. त्याच्या कागदावर विमानाचं तिकीटही धरलेलं होतं. मुंबईहून चेन्नई, तिथून पुढं, आणि ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच सकाळी पोहोचणार.

चाचांनी माझ्याच दुकानातून त्याला फोन लावला. "आमच्या दोघांच्या सीटा शेजारी येतील का?"

"ग्रुपच्या तिकिटात तसं सांगता येत नाही, काका."

"मग आमी आमचं तिकीट काढतो. तुमी फक्त जहाजाचं बघा."

एजंट हसला. "आमच्या विमानाला उशीर झाला तर आम्ही निस्तरू. तुमच्या विमानाला झाला तर जहाज थांबणार नाही. मग माझ्याकडं यायचं नाही."

"न्हाई येत," म्हणून चाचांनी फोन ठेवला.

हट्टाला कारण होतं. चाचींना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं जेमतेम. गर्दीत त्या चाचांच्या ओठांकडे बघून समजून घेतात. शिवाय गुडघे दुखतात, उतरल्यावर एक दिवस आराम हवा. पण हे एजंटला सांगायला चाचा तयार नव्हते. "त्यानं दया करायची आन् आमी शेजारी बसायचं? आमची जागा आमीच घेऊ."

पुण्याहून थेट विमान मिळालं, एक दिवस आधीचं. चाचांनी पासपोर्टवरची नावं माझ्याकडून एकेक अक्षर वाचून घेतली. चाची बाकावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं भांडून जायचं, तर घरीच बसलेलं काय वाईट?"

चाचा त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलले, "घरी बसायला तिकीट लागत न्हाई. म्हनून तर लई जन तिथंच बसत्यात."

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. विमान रद्द. तिकीट मीच काढलेलं. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पसरली तसं एजंटनं लिहिलं, "मी सांगितलं होतं."

चाचा आले. टकटक केली नाही. "दुसरं कुठलं हाय?"

होतं. बंगळुरूमार्गे. कंपनी बदलूनही देत होती. पण आरामाचा दिवस गेला होता. जहाज सुटायचं त्याच सकाळी पोहोचणार होतं, म्हणजे एजंटच्या विमानासारखंच. आणि दोघांच्या सीटा सहा रांगांच्या अंतरावर.

"चाचा, माझं चुकलं का?" मी विचारलं.

"पोरी, तिकीट मी मागितलं. तू दिलंस. घे हेच."

पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. पुण्याच्या विमानतळावर त्यांनी शेजारच्या सीटा मागितल्या, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, विमान भरलंय. चाचा बाजूला झाले नाहीत. म्हणाले, "बाई, ती माझ्याकडं बघून ऐकती. मधी सा रांगा आल्या तर ती बहिरी हुती. आता तुमीच सांगा, कसं करायचं?" मुलीनं दोन-तीन ठिकाणी फोन केले. मागं रांग वाढली, लोक बडबडायला लागले. चाचा तसेच उभे. शेवटी कुणीतरी एकटा प्रवासी जागा बदलायला राजी झाला.

सिंगापूरला उतरल्यावर चाचींचे गुडघे सुजले होते. चाचांनी व्हीलचेअर मागितली, ती मिळेपर्यंत बराच वेळ गेला, मग स्वतः ढकलली. जहाजाचा दरवाजा बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना दोघं आत शिरले. बाकीचा ग्रुप केव्हाच पोहोचून, जेवून, डेकवर बसला होता. म्हणजे एजंटचंही काही चुकलं नव्हतं, हे चाचांनीच कबूल केलं. "त्येंचं इमान बराबर आलं. पन मंडळी इमानात पार इखुरली हुती. आमी सगळा परवास बोलत गेलो."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. झोपेतच. डेपोतले मित्र श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो घ्यायला चाचांचा मोबाईल आणि चाचींना सोबत घेऊन माझ्याकडे आले. आम्ही सगळा मोबाईल धुंडाळला. डेकवर चाची, जेवणाच्या टेबलावर चाची, वाऱ्यानं उडणारी ओढणी दोन्ही हातांनी धरून हसणाऱ्या चाची. चाचांचा एकही नाही.

शेवटी माझ्या कॉम्प्युटरवर व्हिसाच्या फॉर्मसाठी स्कॅन केलेला फोटो सापडला. फोटोग्राफरनं हसू नका म्हणून बजावलेला. भुवया वर, ओठ घट्ट, नजर थेट समोर. एक जण म्हणाला, "ह्यात लई रागीट दिसतोय. दुसरा बघा."

चाची मान हलवून म्हणाल्या, "हाच लावा."

आठवडाभर तो फ्लेक्स स्टँडच्या फाटकाशी होता. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीकडे चाचा डोळे वटारून बघत होते.