काटेमास्तरांचा पासंग

खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बाजारात सगळे त्यांना काटेमास्तर म्हणत, आणि बायको 'अहो'च्या पुढे कधी गेली नव्हती. घाऊक बाजारामागच्या गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान होतं. भिंतीला तराजूच्या दांड्या टांगलेल्या, फळीवर पितळेची वजनं ओळीने मांडलेली, आणि टेबलावर काचेच्या पेटीत सोनारांचे नाजूक काटे. मास्तर वजन कधी बोटांनी उचलत नसत. बोटाचा घाम चिकटला की वजन खोटं बोलायला लागतं म्हणत, आणि चिमट्याने उचलत.

चौतीस वर्षांत त्यांनी एकच नियम पाळला. आकडा पटला नाही, तर आधी काट्याला विचारायचं, मग मालाला. पारडी रिकामी असताना काटा एकीकडे कलत असेल, तर हलक्या बाजूला तारेचा किंवा शिशाचा एवढासा तुकडा लावायचा. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. पासंग लावण्यात मास्तरांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

स्वतःच्या देहापुढे मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. वजन एकशे बारा किलो, तेही स्वतःच तपासलेल्या काट्यावर, म्हणजे सबब सांगायलाही जागा नाही. अठरा वर्षांची साखर. गोळ्या झाल्या, मग सकाळ-संध्याकाळ चाळीस युनिट इन्सुलिन. तरी साखर मोजायच्या यंत्रातला आकडा दोनशेच्या खाली यायचं नाव घेत नसे. मग सोनाराच्या काट्यावरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या.

"पडद्यावर परिणाम झालाय," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर आटोक्यात आली नाही तर हे वाढत जाईल."

डोळे गेल्यावर काटेमास्तरांमध्ये उरणार काय?

शस्त्रक्रियेची टूम मेव्हण्याने काढली. तो बसचालक होता. "भाऊजी, आतड्याला बायपास काढतात म्हणे. शहराबाहेरून वळसा, आतल्या गर्दीत शिरायचंच नाही."

"आतडं आहे ते, तुझा बसमार्ग नाही."

पण गेले. शल्यविशारद तरुण होता, कागदावर पेनाने पोट काढून दाखवत होता. पोटाची छोटी पिशवी करायची आणि अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून थेट पुढे न्यायचं.

"वजन उतरतं म्हणून साखर उतरते?" मास्तरांनी विचारलं.

"ते नंतर. साखर त्याच्या आधीच उतरायला लागते, कधी कधी आठवड्याभरात. आतडं नुसती नळी नाही, मास्तर. अन्न कुठे पोचलं यावरून ते शरीराला निरोप धाडत असतं. रस्ता बदलला की निरोप बदलतात."

"का बदलतात?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "थोडं कळलंय, बरंचसं नाही. आणि सगळ्यांना सारखा गुण येतो असंही नाही."

एखाद्या कारागिराने असं उत्तर दिलं असतं तर मास्तरांनी काटा उचलून घरचा रस्ता धरला असता. पण इथे दुरुस्तीला स्वतःचाच देह होता, तो उचलून नेणार कुठे? त्यांनी सही केली.

शस्त्रक्रिया पार पडली. सहाव्या दिवशी घरी सोडताना परिचारिकेने कागद दिला: इन्सुलिन बंद, फक्त पातळ आहार, साखर दोनशेच्या वर गेली तर फोन करा. दवाखान्यात आकडा दीडशेच्या आसपास आला होता. वजन जेमतेम तीन किलो उतरलेलं. मास्तरांना ते पटेना. अठरा वर्षं ठाण मांडून बसलेली साखर सहा दिवसांत पाय काढते कशी?

नवव्या दिवशी सकाळी घरच्या यंत्राने एकशे बहात्तर दाखवले. मास्तरांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"अगं, तुझं बोट दे."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच दे. तपासायला खात्रीचं वजन लागतं."

बायकोचा आकडा एकोणऐंशी आला. मास्तरांनी कपाटातून तिचा जुना तपासणीचा कागद काढला. त्यावर एकशे एकोणीस. वजाबाकी केली, चाळीस. त्यांचा चेहरा खुलला. यंत्र चाळीसने कमी दाखवत होतं, म्हणजे एकशे बहात्तरचे खरे दोनशे बारा. तो कागद वर्षापूर्वीचा होता आणि काळजीने बायकोच्या घशाखाली चार दिवस घास उतरत नव्हता, हे त्यांच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

"मग फोन करा ना डॉक्टरांना," ती म्हणाली. "दोनशेच्या वर गेली तर करा म्हणून लिहिलंय."

"यंत्र बिघडलंय हे सांगायला फोन? हसतील ते. निम्माच डोस घेतो. सावधगिरी म्हणून."

ती घुटमळली. पण काट्याच्या बाबतीत तिने नवऱ्याशी आजवर कधी वाद घातला नव्हता. तिने इन्सुलिनचं पेन आणून दिलं. मास्तरांनी वीस युनिट घेतले, चार घोट सूप प्यायले आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्राचे मथळे वाचत राहिले. मथळेच, खालची अक्षरं दिसत नव्हती.

दुपारी सदरा घामाने चिंब झाला. हात थरथरायला लागले. चिमट्यात गव्हाच्या दाण्याएवढं वजन धरून न हलणारे ते हात, मास्तर त्यांच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. बायकोने धावत येऊन त्यांचं बोट टोचलं.

"अहो, एक्केचाळीस."

"त्यात चाळीस मिळव," मास्तर म्हणाले. जीभ जड झाली होती. "एक्क्याऐंशी. ठीक आहे."

ती यंत्राकडे बघत होती, मग त्यांच्याकडे.

"मिळव म्हणतो ना."

तिने मिळवले नाहीत. ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळली, त्यांची मान हाताने सावरून घोट घोट पाजली आणि मग भावाला फोन लावला. मास्तरांना तिचं बोलणं ऐकू येत होतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. आपण चुकलो हे त्यांना कळत होतं, आणि ते सांगायला शब्द सापडत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मास्तरांना जास्त लागलं.

"यंत्र बरोबर होतं, मास्तर. जुन्या शरीराचा डोस तुम्ही नव्या शरीराला दिलात."

"मी चौतीस वर्षं—"

"माहीत आहे."

बाहेर व्हरांड्यात मेव्हणा म्हणाला, "ताई, पेन तू दिलंसच कशाला?" आत पडल्यापडल्या मास्तरांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांनी यंत्रावर शंका घेतली नाही. आकडे येत गेले, एकशे वीस, एकशे आठ, पंच्याण्णव. इन्सुलिनचं पेन कचऱ्यात गेलं. तीन महिन्यांत वजन ब्याण्णव किलोवर आलं. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, निम्मे प्रवासी उतरवलेत की." मास्तर हसले. हसताना त्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, मधोमध एक डाग होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. पडद्याला सूज होती, एका जागी रक्तही उतरलं होतं.

"पण साखर तर उतरली," बायको म्हणाली.

"उतरली, आणि ते चांगलंच झालं. पण आधीच दुखावलेल्या डोळ्यांत साखर भराभर उतरली की कधी कधी काही काळ बिघाड वाढतो."

"मी त्या दिवशी इन्सुलिन घेतलं, त्याने?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही."

संबंध असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. निदान चूक आपली असती.

"परत दिसेल?"

"डोळ्यांत इंजेक्शनं देऊ. बऱ्याच जणांना उपयोग होतो. तुमचं आत्ता सांगता येणार नाही."

दोन इंजेक्शनं झाल्यावर मास्तर दुकानात जाऊन बसायला लागले, सोबत बायको. एके दिवशी दुपारी जुना सोनार काटा घेऊन आला. मास्तरांनी पारडी पुसली, दांडी बोटांनी चाचपली, ती जिच्यावर झुलते ती धार तपासली. हातांना सगळं आठवत होतं. काटा पेटीत उभा करून त्यांनी काच लावली.

"बघ गं, कुठे थांबलाय?"

ती वाकली. "मधोमध."

"नक्की?"

"मला तरी मधोमधच दिसतोय." तिने काचेला नाक टेकवलं. "नाहीतर केसभर डावीकडे असेल."

मास्तर चिमट्यात तारेचा तुकडा धरून बसले. तुकडा उजव्या पारड्यापर्यंत गेला आणि परत आला. सोनाराने खिशातला रुमाल काढला, घडी केली, परत ठेवला.

"मास्तर, घाई नाही," तो म्हणाला. "उद्या येतो."

"उद्या नको." मास्तरांनी काच काढली, काटा फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "दुसरीकडे दाखव."

"दुसरीकडे कुठे? चौतीस वर्षं तुमच्याकडेच येतोय."

मास्तरांनी चिमटा फळीवर ठेवून दिला. जेवायची वेळ झाली होती. बायकोने पिशवीतून साखरेचं यंत्र काढलं आणि तिने सांगायच्या आधीच त्यांनी बोट पुढे केलं.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली.