डबीचं अंगडं

आमच्या घरात कुठलीच वस्तू उघडी राहत नाही. मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, शिलाई मशीनला आहे, पाण्याच्या फिल्टरलाही आहे. सगळी मी शिवलेली. घणसोलीला राहायला आलो तेव्हा चारी बाजूंनी बांधकामं चालू होती आणि दिवसातून दोनदा पुसलं तरी ओट्यावर बोटानं रेघ ओढता यायची. हे कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. संध्याकाळी घरी आले की ह्यांच्या कॉलरमधून कांद्याची टरफलं निघायची. त्या धुळीनं मला झाकायची सवय लागली, ती आजपर्यंत आहे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू सगळं येतं. डावा हात चालतो. आणि मान हलते, पण ती कशालाही हलते. चहा हवा का, मान हलवतात. चहा नको का, तरी मान हलवतात. डॉक्टर म्हणाले, होईल सुधारणा हळूहळू.

आम्हाला एकच मुलगी. ती विम्याच्या कामातल्या एका कंपनीत आहे. दवाखान्यांची बिलं तपासायची आणि पास करायची की नाही ते लिहायचं, असं तिचं काम. ऑफिस ऐरोलीला, काही लांब नाही, पण ह्यांना पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणं माझ्या एकटीच्यानं होत नाही. ती काखेत हात घालते, मी पाय धरते. सकाळी एकदा, जेवणानंतर पलंगावर, चारला परत खुर्चीत. म्हणून तिनं अर्ज करून घरून काम करायची परवानगी घेतली होती.

आतल्या खोलीत तिचं टेबल. त्यावर लॅपटॉप आणि दोन मोठ्या स्क्रीन. एकीवर दवाखान्याचे कागद दिसायचे, दुसरीवर भरायचा फॉर्म, आणि लॅपटॉपवर ऑफिसच्या लोकांचं बोलणं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे त्यातलं इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कुठल्या स्क्रीनवर काय असतं ते बघून बघून कळायला लागलं होतं. लॅपटॉपला वायर लावायला एकच बारीक जागा होती, म्हणून कंपनीनं एक काळी डबी दिली होती. अंगाच्या साबणाएवढी, चपटी. तिची एक वायर लॅपटॉपला जायची आणि दोन स्क्रीनला दोन. ती त्याला अ‍ॅडाप्टर म्हणते.

"आई, लॅपटॉपचं तोंड एक आणि जेवणारे दोन," तिनं मला समजावलं होतं. "ही डबी मध्ये बसून दोघांना वाढते. तुझ्यासारखी."

ह्यांची खुर्ची तिच्या टेबलाच्या डाव्या टोकाला, खिडकीशी असायची. ती तिनंच ठेवली होती. बाहेरच्या खोलीत हे नुसते पेंगायचे. तिच्याजवळ बसले की जागे असायचे. पान बदललं की ह्यांचे डोळे त्याच्याबरोबर फिरायचे. डावा हात दिवसभर टेबलावर चालायचा, टेबलाची कड चाचपायचा, वहीचा कोपरा चिमटीत धरून सोडायचा. पोतं उचलताना त्याच्या वरच्या कोपऱ्याला धरतात, त्याला कान म्हणतात. तीस वर्षं तेच धरलेलं. मला वाटायचं, हात अजून कान शोधतोय.

काम करता करता ती ह्यांच्याशी बोलायची. "आबा, हे बघा, ह्या माणसानं एकाच गुडघ्याचं बिल दोनदा लावलंय. तिसरा गुडघा आहे वाटतं ह्याला." हे मान हलवायचे. "तुम्ही पण ना, लगेच पास करता!" मग ती हसायची, आणि ह्यांच्या तोंडाची चालती बाजू जराशी वर जायची. मी स्वयंपाकघरातून ते ऐकायचे.

एक दिवस टेबलामागचं पुसताना ती डबी दिसली. भिंतीच्या बाजूला, वायरींच्या गुंत्यात, वर धुळीचा थर. गोधडीचा एक तुकडा उरला होता, आतमध्ये पातळ कापूस घातलेला. त्याची मी छोटी पिशवी शिवली, दोन्हीकडे वायरीपुरती भोकं ठेवली आणि वरून नाडी ओवली.

मुलगी हसायला लागली. "आई! आता हिला पण अंगडं? कानटोपी पण शिव."

"धूळ बसते," मी म्हटलं.

"बरं बाई. मस्त दिसतंय." तिनं स्वतःच्या हातानं डबी त्यात घातली, नाडी ओढली आणि स्क्रीनच्या मागे ठेवून दिली.

तीन-चार दिवसांनी स्क्रीन जायला लागल्या. आधी दुपारची एखादी वेळ. दोन्ही स्क्रीन एकदम काळ्या व्हायच्या, लॅपटॉप मात्र चालू. ती वायर काढून परत लावायची, थोडा वेळ चालायचं, परत जायचं. मग दिवसातून चार-पाच वेळा व्हायला लागलं. निम्मं भरलेलं काम तिला पहिल्यापासून करावं लागे. ऑफिसच्या माणसांनी फोनवरून काही काही करून बघितलं. शेवटी तिच्या साहेबांचा आवाज मी ऐकला, तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"हे बघा, मला तुमची अडचण माहीत आहे. पण घरचं सेटअप चालत नसेल तर सोमवारपासून ऐरोलीला येऊन बसा. इथे सगळं व्यवस्थित चालू आहे."

"सर, दोन दिवस द्या फक्त."

फोन ठेवून ती कपाळ धरून बसली. ती ऑफिसला गेली तर ह्यांना दिवसभर पलंगावरच राहावं लागणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. कदाचित तिघांनाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती कुणाशी तरी बोलत असतानाच स्क्रीन गेल्या. तिनं वळून बघितलं. ह्यांचा डावा हात टेबलावर होता, वायरीपासून चार बोटांवर.

"आबा! तुम्ही ओढली का वायर?"

ह्यांनी मान हलवली.

"काल पण तुम्हीच?"

ह्यांनी मान हलवली.

मी चहा घेऊन दारात उभी होते. हे कशालाही मान हलवतात, ते मला ठाऊक होतं आणि तिलाही. पण तिच्या डोळ्यांसमोर सोमवार होता.

"आई, ह्यांना बाहेर बसव. टीव्ही लावून दे."

"अगं, त्यांना काय कळतंय वायर आन् फियर..."

"कळत नाही म्हणूनच म्हणतेय ना! मला टेन्शन देऊ नका दोघं मिळून."

मी खुर्ची ढकलत बाहेर नेली. हे मान वळवून मागे बघत होते.

त्याच दुपारी ती जेवायला बसली तेव्हा मी टेबल पुसायला आत गेले. पिशवी सरकली होती म्हणून हात लावला आणि झटकन काढून घेतला. आतली डबी तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी तापली होती. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. गोधडी ऊब धरून ठेवते, म्हणून तर ती शिवतात. मी आयुष्यभर शिवल्यात. मी नाडी सोडली, डबी बाहेर काढली, पिशवी कमरेला खोचली.

बाहेर ती हात धूत होती. दोन पावलं जाऊन सांगायचं एवढंच होतं. मी फडकं पिळलं आणि ओटा पुसायला गेले.

का गेले, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. मला बोलायची भीती वाटते, हे खरं आहे. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी मी तशीच परत येते. घरी पाहुणे आले की मी चहाचा ट्रे देऊन आत जाते. पण ही तर माझी मुलगी होती. ती काय करणार होती मला? एकदा म्हणाली असती, "आई, तुझ्यामुळे?" तेवढंच. ते एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी गप्प राहिले.

त्यानंतर स्क्रीन गेल्या नाहीत. शुक्रवारी दिवसभर एकदाही नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता.

"बघितलंस? आबांना बाहेर बसवल्यापासून एकदा पण गेली नाही. मी म्हटलं नव्हतं?"

माझ्या हातात पीठ होतं. मी पीठ मळत राहिले.

मग तिनं साहेबांना फोन केला. "सर, प्रॉब्लेम सापडला. वडील वायरला हात लावत होते. हो ना सर, लहान मुलासारखं झालंय त्यांचं." ती हसत बोलत होती. हे बाहेरच्या खोलीत होते, दार उघडं होतं. टीव्ही बंद होता आणि हे बंद टीव्हीकडे बघत बसले होते.

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "आई, त्या डबीचं अंगडं कुठे गेलं गं?"

"धुवायला टाकलंय," मी म्हटलं. ते शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली होतं.

पुढचा आठवडा ह्यांचा बाहेरच्या खोलीत गेला. आधी भाकरी अर्धी व्हायला लागली, मग पाव. घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायचे. मुलगी काम संपवून येऊन बसायची, ऑफिसातल्या गमती सांगायची. हे मान हलवायचे, पण नजर खाली. "आबांचं काय बिनसलंय गं?" ती मला विचारायची. "हवामानानं असेल," मी म्हणायचे. असली उत्तरं मला न अडखळता यायला लागली होती.

डावा हात टेबलावर चालायचा तो आता मांडीवर पडून राहायचा. मी ह्यांना मोरीकडे नेताना खुर्ची आतल्या खोलीच्या दारावरून जाते. तिथे आलो की हे तो हात हळूच उचलायचे आणि मांडीखाली सरकवायचे. दार ओलांडलं की परत काढायचे. पहिल्यांदा मला वाटलं, सहज झालं असेल. दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दारात थोडी थांबले. हात मांडीखालीच राहिला, आणि हे माझ्याकडे बघत राहिले.

तो शनिवार होता. रविवारी सकाळी मी मशीनचा खण उघडून पिशवी काढली. मुलगी पेपर वाचत होती.

"लॅपटॉप लाव," मी म्हटलं.

"आज रविवार आहे आई."

"म्हणूनच म्हणते. दोन्ही स्क्रीन लाव. रोज असतं तसं सगळं."

मी असं कधी सांगत नाही, म्हणून असेल, ती उठली. स्क्रीन लागल्यावर मी त्यांच्या मागे हात घालून डबी पिशवीत घातली आणि नाडी ओढली.

"अरे, अंगडं मिळालं? धुतलंस?"

"धुतलं नव्हतं. बस इथं."

मी मेथीची जुडी घेऊन तिच्या शेजारी खाली बसले. ती दोनदा म्हणाली, "काय चाललंय सांगशील का?" मी पानं खुडत राहिले. एक जुडी झाली. दुसरी झाली. देठ गोळा करत होते तेव्हा दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या.

तिनं स्क्रीनकडे बघितलं. मग मागे हात घालून पिशवीला लावला आणि काढून घेतला.

"आई."

मी मान वर केली नाही.

"तुला कधी कळलं हे?"

"त्यांना बाहेर काढलं त्याच दिवशी. दुपारी."

तिनं नाडी सोडून डबी बाहेर काढली. "दहा दिवस, आई? मी काय खाल्लं असतं का तुला?" मग आवाज उतरला. "मी स्वतःच घातली होती की ती डबी ह्यात. माझ्या पण नाही डोक्यात आलं. आणि मी सरांना काय सांगून बसले..."

मी जे वाक्य ऐकायला घाबरले होते, ते ती म्हणालीच नाही.

ती बाहेर गेली आणि ह्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. "आबा, तुम्ही वायर ओढली नव्हती. माझं चुकलं." ह्यांनी मान हलवली. तिनं तिथंच डोळे पुसले आणि खुर्ची आत आणली, खिडकीशी, होती तिथे. सोमवारी सकाळी तिनं पहिला फोन साहेबांना केला. "सर, एक सांगायचं होतं. वडिलांनी हात लावलेला नव्हता. डबी तापत होती, आमचीच चूक." फोन मुद्दाम ह्यांच्या शेजारी बसून, मोठ्यानं केला. साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बहुतेक त्यांच्या लक्षातही नसेल.

हे आता रोज तिथे बसतात. पान बदललं की डोळे फिरतात. भाकरी अर्धीपर्यंत आली आहे. पण हात मांडीखाली असतो. मुलगी तो काढून टेबलावर ठेवते, वहीचा कोपरा त्याच्याखाली सरकवते. थोडा वेळ राहतो. तिचं लक्ष कामात गेलं की हे तो उचलून परत खाली घेतात.

मुलीनं माफी मागितली, पण दहा दिवस गप्प होते ती मी. ते ह्यांना मी सांगितलं नव्हतं. परवा सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी ह्यांच्या डाव्या हाताला तेल लावत होते. बोटं एकेक करून चोळत होते. खाली बघूनच बोलले.

"ते मी केलं होतं. पिशवी मी शिवलेली. मला ठाऊक होतं तुम्ही न्हवं ते, आन् मी बोलले न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मी थांबले. मग विचारलं, "खिडकी लावू?"

ह्यांनी मान हलवली.

खिडकी लावलेलीच होती. मी वाटीतून पुन्हा थोडं तेल घेतलं आणि हात चोळत राहिले.