चारशे माणसांचे साहेब

आमच्या व्याह्यांइतका मोठा माणूस मी जन्मात पाहिला नाही. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि एकदा नाही, ते इथं होते ते तीन महिने रोज सकाळी चहाबरोबर सांगितलं. माझा मुलगा जर्मनीत, इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सुनेला दुसरं बाळ झालं, तिला आई नाही, म्हणून मी आले. मागोमाग नात बघायला सुनेचे वडील आले. एका घरात व्याही-विहीण, तेही परक्या देशात, म्हणजे दोघांनाही अवघडल्यासारखं. मी गप्प बसून अवघडायचे, ते बोलून.

कोट घातल्याशिवाय ते कचरा टाकायलासुद्धा खाली जात नसत. नदीकाठी फिरायला निघाले की समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला पुढाऱ्यासारखा हात वर करायचे. तो बिचारा ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे इथला रामराम, म्हणाला की माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघा, ओळखतात." बाकी सगळं बोलणं त्यांच्या कंपनीचं. चारशे माणसं त्यांच्या जिवावर जेवायची. ते एक दिवस रजेवर गेले तर बारा वाजता कंपनी बंद पडायला यायची. मोठे साहेब सकाळी स्वतः त्यांच्या दारात येऊन विचारायचे, आज काय करायचं. माझा मुलगा कौतुकानं मान डोलवायचा. सून मात्र असलं काही निघालं की खाली मान घालून भाजी निवडायची, निवडलेलीच परत.

मी चौथी शिकलेली बाई. नवरा गेला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा. मग बावीस वर्षं एका मेसमध्ये पोळ्या लाटल्या. रडायला वेळ नव्हता, तवा तापलेला असायचा. त्यामुळे मला पेपर नीट वाचता येत नाही, पण हात वाचता येतात. व्याह्यांच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते, ओळीनं. माझ्याही आहेत. हॉलमध्ये बसल्याबसल्या ते आत ओरडायचे, "विहीणबाई, मोहरी करपतेय." आणि खरंच करपत असायची. एकदा दूध उतू जात होतं, तर त्यांनी पातेलं फडक्याशिवाय काठाला धरून उतरवलं. साहेब माणूस असं दूध उतरवत नाही. मी ओळखलं, पण बोलले नाही. माणूस एवढ्या कष्टानं कोट घालतो, तो आपण कशाला उतरवायचा?

मग इथल्या मराठी मंडळींचा गणपती आला. एक हॉल भाड्यानं घेतला होता आणि सत्तर माणसांचा मसालेभात मी अंगावर घेतला होता. आदल्या दिवशी जिन्यावर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर. मुलगा म्हणाला, आई, पिझ्झा मागवू. पण जेवायला या म्हणून सांगितलेलं माणूस मी कधी असं परत पाठवलं नाही. गेले हॉलवर. भाज्या चिरायला पोरी होत्या, पण एवढं मोठं पातेलं त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. मी डाव्या हातानं ढवळत होते आणि व्याही दारात उभे, कोट घालून. त्यांना बघवेना.

"विहीणबाई, असं हलवलंत तर खाली लागेल."

"मग तुम्ही हलवा."

"लोक बघतील."

"बघू देत. मी बावीस वर्षं बघू दिलं."

त्यांनी एकदा पातेल्यात डोकावून बघितलं. मग कोट काढून खिळ्याला अडकवला. तुम्हाला सांगते, तो माणूस मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. पाणी भांड्यानं मोजलं नाही, बोट बुडवून बघितलं. मीठ मुठीनं. झारा मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचे. तासभर कंपनीचा एक शब्द नाही.

भात वाफेवर आला तेवढ्यात हॉलची देखरेख करणारा हाउसमाइस्टर आत आला आणि मोठ्यानं काहीतरी विचारलं. त्यातला एकच शब्द व्याह्यांना कळला, शेफ. शेफ कोण आहे इथं? दारात माझा मुलगा, मंडळाची माणसं, सगळी उभी. व्याह्यांचा झारा थांबला. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा ना, बाबा."

त्यांनी हात पुसले. "आय," म्हणाले. "आय शेफ. थर्टी फाइव्ह इयर्स."

हाउसमाइस्टरनं त्यांचा हात हातात घेऊन हलवला, हॉलच्या किल्ल्या दिल्या आणि कागदावर सही घेतली. जर्मनीत शेफ म्हणजे साहेब, आचारी नव्हे, हे सुनेनं आम्हाला नंतर सांगितलं. माझा मुलगा हसून सगळ्यांना म्हणाला, "बाबा इथंही साहेबच!" व्याही किल्ल्या धरून उभे. आयुष्यात एकदा खरं बोलले, तर लोकांनी त्याचीही बढाई केली.

घरी येताना गाडीतून उतरल्यावर मला हळूच म्हणाले, "तुम्हाला तरी कळलं ना?"

"मला कधीच कळलं होतं."

"कधी?"

"दूध उतरवलंत तेव्हा."

पुढं माझं प्लास्टर निघेपर्यंत स्वयंपाक त्यांनीच केला. जावयाला सांगायचे, मी फक्त विहीणबाईंना सूचना देतो. मीही हो म्हणायचे. मग त्यांचा व्हिसा संपला आणि कोट घालून ते परत गेले. हात आता बरा आहे. फोडणी टाकते, हॉलमधून कुणी ओरडेल म्हणून जरा थांबते, आणि तेवढ्यात मोहरी करपते.