हैदराबाद मार्गे

मुंबईहून मद्रासला सरळ विमान असताना मी हैदराबादला उतरून, तिथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी मद्रासला जायची. येतानाही तसंच. कुणी विचारलं तर वाटेतल्या गिऱ्हाइकाची भेट सांगायची. खरं कारण एका कार्डाचं होतं, आणि ते कार्ड मला आमच्या अण्णांसाठी हवं होतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं ती. मी पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. कापडगिरण्यांना आमचा रंग जायचा. एखाद्या गिरणीने शेड जुळत नाही म्हणून तक्रार केली की नमुन्यांची पेटी घेऊन मला धाडत. भांडण मिटवायला माझ्यासारखी तापट बाई का पाठवत, देव जाणे. बहुधा गिरणीवाले घाबरून गप्प बसत असावेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कोकणची गाडी असो की पुण्याची, ती कोणत्या फलाटाला लागणार, किती वाजता सुटणार, हे लाउडस्पीकरवर सांगण्यात त्यांची उभी हयात गेली. स्वतः मात्र कुठे गेले नाहीत. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर आम्ही दोघंच पनवेलातच विचुंब्याच्या रस्त्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी लग्न केलं नव्हतं. त्यावरून टोमणे मारणाऱ्यांना अण्णा सांगत, तिची गाडी तिच्या वेळेला सुटेल, तुम्ही रांगेत उभे राहू नका.

त्या वर्षी एका खासगी विमान कंपनीने नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना काढली. वर्षात तीस टप्पे उडालात की सोनेरी कार्ड, आणि त्या कार्डावर सोबतच्या माणसाला फुकट तिकीट. मी त्या योजनेचं माहितीपुस्तक वाचून कोपऱ्यात टाकलं होतं. अण्णांनी ते चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि विचारलं, मधे उतरून दुसरं विमान धरलं तर टप्पे दोन धरतात ना? मी हो म्हटलं. मग बसले की कामाला! कंपनीचं वेळापत्रक मागवलं, एसटीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर निळ्या शाईत माझे दौरे आखू लागले. ‘मुंबई–मद्रास, हैदराबाद मार्गे. मुक्काम हैदराबाद.’ अगदी गाडीच्या पाटीसारखं. सरळ गेलं तर जाऊन येऊन दोन टप्पे, अण्णांच्या रस्त्याने चार.

मला आधी हसू यायचं. मग नादच लागला. अण्णांना एकदा विमानात बसवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं झालं. काश्मीर दाखवायचं, नाहीतर कलकत्ता. साहेबांना गिऱ्हाइकांची नावं सांगून मी मुक्काम वाढवून घेऊ लागले. कोणत्या वारी निघायचं तेही अण्णाच ठरवत. सोमवारी नको, बुधवारी नीघ, म्हणत. मी चिडायची, पण ऐकायची. दर तीन आठवड्यांनी एक मोठा फेरा असा ठेकाच पडला. परत आले की ते दारातच विचारत, किती झाले?

याच दिवसांत त्यांनी मिशी काढली. इतकी वर्षं जपलेली मिशी! मी विचारलं तर म्हणाले, घाम येतो, खाज सुटते. डोक्यावर तसेही केस नव्हतेच. सदरा खांद्यावरून उतरू लागला, तेव्हा म्हणाले, साखर सोडली आहे. मी त्यावरही बडबडले, की या वयात कसली आली पथ्यं. रंग पारखणाऱ्या डोळ्यांनी माणूस किती आंधळा असावा? शेडमधला केसाएवढा फरक ओळखायचा मला पगार मिळत होता. घरातल्या माणसाचा रंग बदलला तो मला दिसला नाही. याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

सहाव्या फेऱ्यात मद्रास–हैदराबाद विमान रद्द झालं. कंपनीने मला सरळ मुंबईच्या विमानात बसवून दिलं. एक टप्पा बुडाला. विमानतळापासून पनवेलपर्यंत मी टॅक्सीत त्या एका टप्प्यासाठी चरफडत होते. अण्णांना काय सांगायचं, त्यांचं गणित चुकणार, हाच विचार. दुपारी घरी पोचले, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.

दार शेजारच्या काकूंनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. आत अण्णा खाटेवर कुशीवर पडले होते, खाली बादली. हाताला सलाईनच्या जागी चिकटपट्टी. मी बॅग तशीच हातात धरून उभी होते. काकू रडायला लागल्या आणि त्यांनीच सगळं सांगून टाकलं. फुप्फुसाचा कॅन्सर. मुंबईच्या इस्पितळात दर तीन आठवड्यांनी औषध चढवायचे, पुढचे दोन दिवस उलट्या. काकूंचे यजमान त्यांना घेऊन जायचे. परवाच सहावा डोस झाला होता, शेवटचा. उशाशी इस्पितळाचं पिवळं कार्ड होतं. त्यावरच्या सगळ्या तारखा मला पाठ होत्या, कारण त्या माझ्या दौऱ्यांच्या होत्या.

मी खूप बोलले. आजारी माणसाला बोलू नये असं बोलले. मला कार्ड नको होतं, मला हे बारा दिवस हवे होते, मी तिकडे हॉटेलात टीव्ही बघत होते आणि तुमचं डोकं दुसरी बाई धरत होती. असं बरंच. अण्णांनी ओरडू दिलं. मग तोंड पुसून म्हणाले, “सांगितलं असतं तं तू घरी बसली असतीस, बाय. मग कार्ड कुठनं आलं असतं?”

मधल्या लहान फेऱ्यांचे धरूनही आणखी चार टप्पे राहिले होते, तेही त्यांच्या लक्षात होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधाचा फारसा उपयोग झालेला नाही, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच. मी म्हटलं, आता कुठेच जाणार नाही. अण्णांनी जेवण सोडलं. चार दिवस पेजेच्या वर काही नाही, बोलणं नाही. शेवटी मी गेले. बंगलोर, मद्रास, हैदराबाद, मुंबई, दोन दिवसांत चार टप्पे. सगळं माहीत असून गेले. विमानात जेवण आलं ते तसंच परत केलं.

कार्ड टपालाने आलं. अण्णांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडाकडे धरलं. मी विचारलं, कुठे जायचं? म्हणाले, पुण्याला. मला वाटलं, थट्टा करताहेत. पनवेलहून पुण्याला दिवसभर एसटी धावतात, आणि यांना उलट मुंबईला जाऊन पुण्याचं विमान धरायचं! मी काश्मीर म्हटलं, गोवा म्हटलं. त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण तेवढंच नव्हतं. ते विमान पनवेलवरून जातं, हे त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून काढलं होतं. त्यांना वरून स्टँड बघायचा होता.

“आता मार्गे नको,” म्हणाले. “सरळच जाऊ.”

आम्ही सकाळच्या विमानाने निघालो. अण्णांना स्वेटर, मफलर, कडक इस्त्रीची पँट, तिला आता दोरी बांधलेली. चाकाच्या खुर्चीवरून विमानापर्यंत नेलं. जिना मात्र माझ्या खांद्यावर भार टाकून, एकेक पायरी थांबत, स्वतः चढले. निघायच्या आधी दुखण्याची गोळी मीच दिली होती. खिडकीची जागा त्यांची. विमान सुटलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली, तीन मिनिटं लेट. समुद्रावरून वळलं तोवर कपाळ काचेला लावून बसले होते. मग त्यांची मान हळूच माझ्याकडे कलली आणि त्यांना झोप लागली.

कित्येक आठवड्यांत मी त्यांना न कण्हता झोपलेलं पाहिलं नव्हतं. कपाळावरची आठी गेली होती. खाली खाडी चकाकत होती, म्हणजे पनवेल आलंच होतं. मला हाक मारायची होती. हात त्यांच्या दंडापर्यंत नेला आणि मागे घेतला. एवढ्यासाठी इतके महिने आम्ही दोघांनी जिवाचा आटापिटा केला होता आणि ऐन वेळेला मी त्यांना उठवलं नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. मी त्यांच्यावरून वाकून बाहेर पाहिलं. धुरकट होतं. घरं, एक रस्ता, डोंगर. स्टँड वगैरे काही ओळखू आलं नाही.

चाकं पुण्याला टेकली तेव्हा ते दचकून जागे झाले. खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि त्यांना कळलं. चेहरा एकदम लहान झाला. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “तुला दिसला का गं?”

“दिसला,” मी म्हटलं.

“पुण्याची लागली होती?”

“लागली होती.”

“वेळेवर?”

“वेळेवर, अण्णा.”

त्यांनी मान हलवली आणि पट्टा सोडवायला लागले. तो त्यांना सुटेना, मी सोडवून दिला.

त्यानंतर अण्णा सतरा दिवस होते. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला खाटेवरूनच सांगत, की विमानातून आपला स्टँड दिसतो, पुण्याची गाडी फलाटाला लागलेली दिसते, मला झोप लागली, पण माझ्या मुलीने पाहिली. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायची. माणसं गेल्याशिवाय बाहेर येत नसे.